नेमून दिलेला मित्र

शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्याची चर्चा हल्ली समुपदेशकांच्या संख्येपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. समुपदेशक हवेतच, त्याबद्दल वाद नाही. अडचण आहे ती एका सोज्वळ दिसणाऱ्या कल्पनेची: सहावी-सातवीतल्या बिथरलेल्या मुलाला वर्गातला एखादा समंजस मुलगा ‘बडी’ म्हणून जोडून द्यायचा. मैत्रीने मुले सावरतात, मग मैत्री शाळेनेच का पुरवू नये?

सावरतात, हे खरेच. हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाच्या १९५३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या वयातल्या एका जिवलग मित्राला फार मोठे स्थान आहे. आधीच्या वर्षांत झालेली इजा त्या मैत्रीत भरून निघू शकते, असे त्याचे मत. २०११ साली माँट्रियलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांच्या लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक तपासले गेले. वाईट प्रसंगी जिवलग मित्र सोबत असला तर ताण कमी चढे, स्वतःविषयीचे मतही तितकेसे घसरत नसे. पण तो मित्र मुलाचा स्वतःचा होता, त्याला कोणी कामगिरीवर पाठवले नव्हते. ‘बडी’ला मात्र समोरच्याचे दुखणे आधीच सांगितलेले असते, आणि आपण कुणाचे तरी सत्कार्य आहोत हे अकरा-बारा वर्षांच्या पोराला फार लवकर कळते. माझ्या मते भेद इथेच आहे: एका नात्याच्या मध्यभागी मुलाची जखम असते, दुसऱ्याच्या मध्यभागी सायकल, समुद्र, वात्रटपणा, काहीही. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या चित्रपटातला चिन्मय वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात येतो. नव्या वर्गातला बंड्या त्याचे सांत्वन करत नाही. उलट किल्ल्यावर भर पावसात बंड्या आणि त्याची मित्रमंडळी त्याला एकटा टाकून निघून जातात. तरीही चिन्मयला तिथे रुजवते ती हीच बेभरवशाची संगत. शिवाय दुखणे सतत उगाळणाऱ्या मैत्रीत जवळीक वाढते, पण उदासी आणि चिंताही तिच्यासोबत आढळतात, असे अमांडा रोझ यांनी २००२ साली दाखवले आहे.

यावर आक्षेप येतो तो कुसंगतीचा, आणि तो पोकळ नाही. टोळक्यात हसून दाद मिळत गेली की पोरे बिघडतात, हे थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडले. पण त्यांचा रोख कोणाकडे होता ते विसरले जाते. मुलांच्या भल्यासाठी मोठ्यांनीच जमवलेल्या गटांकडे! बॉस्टनजवळ १९३९ साली सुरू झालेल्या एका प्रकल्पात ज्या मुलांना उन्हाळी शिबिरांना पुन्हापुन्हा पाठवले, त्यांचेच पुढे अधिक नुकसान झालेले आढळले. याचा अर्थ ठरवून जोडलेली प्रत्येक जोडी फसते असा नाही. काही जोड्या जमतीलही, पण बहुधा नेमणुकीचा विसर पडल्यावर. मग सगळे नशिबावर सोडायचे का? नाही. मैत्री घडवता येत नसली तरी तिची वाट अडवणे शाळेच्या हातात असते, आणि कित्येक शाळा ते नेमाने करतात. मधली सुट्टी आखडते, खेळाचा तास गणिताला जातो, आणि दरवर्षी गुणांनुसार तुकड्या नव्याने पाडल्या जातात. अशा शाळेत स्कॉलरशिपवाला चिन्मय ‘अ’ तुकडीत बसला असता आणि बंड्या ‘ड’मध्ये; मग शाळेने चिन्मयसाठी एखादा गुणी ‘बडी’ नेमला असता.