नेली कुठे गेली?

बसा. दार लावून घ्या. आणि बोईसर-वाणगाववाल्यांनो, आज गाडीचं कारण नको. एक गाडी चुकली तर दुसरी मिळेल. काल रात्री तपासलेल्या वह्यांचा निकाल मात्र आत्ताच लागणार.

एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स'वर लिहा म्हटलं होतं. तुम्ही लिहिलंत हीथक्लिफवर, कॅथरिनवर, माळरानावरच्या वाऱ्यावर, आणि पानंच्या पानं अमर प्रेमावर. एका विद्वानाने पात्रपरिचय दिलाय. त्यात कॅथरिनला चावलेल्या कुत्र्याचंही नाव आहे, स्कल्कर. नेली डीनचं नाही. कुत्रा लक्षात राहिला, बाई राहिली नाही! दुसरीने एका ओळीत उरकलंय: 'नेली नावाची मोलकरीण ही गोष्ट सांगते.' म्हणजे केर काढते, भांडी घासते आणि जाता जाता गोष्टही सांगते, असंच ना?

सुरुवातीची तीन प्रकरणं लॉकवूड या भाडेकरूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. तो आजारी पडतो, नेली शिवणाची टोपली घेऊन त्याच्याजवळ बसते, आणि पुढचं जवळजवळ सगळं तिच्या तोंडून येतं. तुमच्या त्या अमर प्रेमाला साक्षीदार कोण? ही एकटी. मग साक्षीदार खरं बोलतोय का, किती बोलतोय, हे विचारायचं कुणी?

नववं प्रकरण काढा. रात्र, स्वयंपाकघर, नेलीच्या मांडीवर मूल. कॅथरिन येऊन मन मोकळं करते. उंच पाठीच्या बाकामागे हीथक्लिफ पडलेला आहे, हे दोघींनाही माहीत नाही. त्याच्याशी लग्न केलं तर मला कमीपणा येईल, असं ती म्हणते, आणि तो उठून गुपचूप निघून जातो. तिचं खरं प्रेम ती त्यानंतर बोलून दाखवते. ते त्याच्या कानावर पडतच नाही. त्याला जाताना नेलीने पाहिलंय. कॅथरिनला ती गप्प करते, पण विचारल्यावर म्हाताऱ्या नोकराचं निमित्त सांगते: जोसेफ येतोय! खरी गोष्ट ती नंतर कुजबुजते, तोवर उशीर झालेला असतो. हीथक्लिफ तीन वर्षं परागंदा. त्या एका 'जोसेफ येतोय'वर तुमच्या एकाही वहीत एक वाक्य नाही.

पुढेही तेच. कॅथरिन खोलीत कोंडून घेऊन उपाशी राहते, तेव्हा ती सोंग करतेय असं समजून नेली मालकाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कळू देत नाही. कॅथरिनच्या मुलीची, धाकट्या कॅथीची, पत्रं ती जाळते. कॅथरिन गेल्यावर तिच्या गळ्यातल्या लॉकेटमधले नवऱ्याचे केस काढून हीथक्लिफ आपले घालतो, तर ही दोघांच्या बटा एकत्र पिळून पुन्हा आत ठेवते. तिला कुणी सांगितलं होतं?

1850च्या आवृत्तीत शार्लट ब्राँटेनं तिला माया आणि इमानाचा नमुना ठरवलं. 1958 साली जेम्स हॅफलीने थेट खलनायिका केलं. मला दोन्ही पटत नाहीत. कॅथरिनच्या भावाला, हिंडलीला, जिने पाजलं-वाढवलं त्या बाईची ही मुलगी, त्याच्याच वयाची, त्याच्याबरोबर खेळलेली. तो मालक झाला, ही पगारावर राहिली. असल्या माणसाच्या मनात माया आणि अढी एकाच चुलीवर शिजते.

तुम्ही 1939चा सिनेमा पाहून लिहिलंत तेही कळलं, कारण त्यात नसलेली दुसरी पिढी तुमच्याही वह्यांत नाही. (त्यातली कॅथरिन, मर्ल ओबेरॉन, मुंबईत जन्मली म्हणून गुण वाढणार नाहीत.)

आणि नेलीला विसरणं, हे तुम्ही करावं? तुमच्यातल्या कितीजणांच्या आया, मावश्या बोईसरच्या कॉलनीत घरकामाला जातात, मला ठाऊक आहे. हात वर करायला सांगत नाही. कुठल्या घरात नवरा-बायकोत अबोला आहे, कुणाच्या पोराने नोकरी सोडली, हे शेजाऱ्याआधी त्यांना कळतं. रात्री भाकऱ्या थापताना त्या तुम्हाला काय सांगतात आणि काय गिळून टाकतात, हे तुमच्याइतकं कोण जाणतं?

आपल्या याच पालघर जिल्ह्यात पूर्वी लग्नासाठी कर्ज काढलेला वारली बायकोसकट सावकाराच्या घरी राबायचा. लग्नगडी म्हणायचे त्याला. 1945च्या मे महिन्यात झरी गावात वारल्यांनी एकत्र येऊन वेठ आणि ही गडीपणाची चाल मोडायचं ठरवलं. हे तुम्हाला कुठून कळतं? गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मधून, म्हणजे 1970 साली. गड्यांनी सांगितलं, बाईंनी लिहिलं. नेलीचं बोलणंही आपल्याला लॉकवूडच्या वहीतूनच मिळतं, आणि थोडं आटोपशीर केलंय असं तो स्वतः कबूल करतो. गोदावरीबाई त्या माणसांबरोबर पाड्यापाड्यांत हिंडल्या, लॉकवूड बिछान्यात पडून ऐकत होता. हा फरक मोठा आहे. तरी ऐकणारा काय गाळतो, हा प्रश्न दोन्हीकडे विचारायचाच.

एमिलीच्या घरी टॅबी नावाची म्हातारी कामाला होती. 1836च्या नाताळात तिचा पाय मोडला. तिला पाठवून द्यायचं ठरलं, तेव्हा एमिली आणि तिच्या बहिणींनी जेवण सोडलं आणि तिला घरातच ठेवून घेतलं. स्वयंपाकघरात बसून ऐकायची सवय असलेली पोरगी होती एमिली. तुम्ही गाइड ऐकता.

वह्या घेऊन जा. कुणालाही गुण दिलेले नाहीत. सोमवारी नवव्या प्रकरणातल्या त्या स्वयंपाकघराचा नकाशा काढून आणा: बाक कुठे, चूल कुठे, दार कुठे, आणि नेलीचं तोंड कुणीकडे. स्कल्करचं चित्र काढलेलं दिसलं तर बापाला घेऊन यायचं.