प्रजातींच्या सीमा आणि सदसद्विवेक

वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवळी हे तालुक्याचे गाव लागते. काळ्या जमिनीचा हा मुलूख कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगतो. दिवाळीनंतर तुरीचे पीक फुलोऱ्यातून शेंगांवर येते आणि नेमक्या त्याच दिवसांत, जमिनीत ओल असूनही, ओळीतले एखादे झाड मान टाकते. पाने पिवळी पडून सुकतात, खोडावर जांभळट पट्टा उमटतो, खोड उभे चिरून पाहिले तर आत काळसर रेषा दिसतात. शेतकरी याला ‘मर’ म्हणतो. झाड तहानेने मेलेले नसते. फ्युजेरियम उडम नावाची बुरशी मुळांतून आत शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्याच निकामी करते. पीक निघाल्यावरही मुळांच्या अवशेषांत ती वर्षानुवर्षे तग धरून राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी ई. जे. बटलर या शास्त्रज्ञाने भारतात या रोगाचा पद्धतशीर अभ्यास केला, परंतु मर अद्याप शेतातून गेलेली नाही.

वसईच्या केळीच्या वाड्यांत लहानाचे मोठे झालेल्या वाचकांनाही हे कुळ अपरिचित नाही. मध्य अमेरिकेतील केळीचे मळेच्या मळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उद्ध्वस्त करणारा पनामा रोग याच कुळातील दुसऱ्या बुरशीमुळे होतो. हरभरा, टोमॅटो, कापूस यांच्या मुळांशीही हिचीच भावंडे बसलेली असतात. एका कुळातील बुरश्यांना इतकी निरनिराळी पिके मारण्याची विद्या कोठून मिळाली, हा प्रश्न गेली काही दशके अनेक प्रयोगशाळांना पडलेला आहे. आपल्या कुटुंबांतील काही मुले-मुलीही आज डॉक्टरेटनंतरचे संशोधन अशाच विषयांवर करतात. घरी विचारले तर ‘बुरशीतील जनुकांचे संक्रमण’ एवढेच उत्तर मिळते. आईवडिलांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न असतो: परमेश्वराने वेगवेगळ्या निर्माण केलेल्या प्रजातींची सरमिसळ करणारे हे काम कितपत योग्य? या प्रश्नाला हसण्यावारी नेणे बरे नाही, कारण त्यात श्रद्धा आहे आणि भयही आहे. म्हणून प्रथम त्या प्रयोगशाळांत काय आढळले ते पाहू.

जनुक म्हणजे सजीवाच्या घडणीची एकेक सूचना. आईवडिलांकडून मुलांकडे, बीजाकडून रोपाकडे ती उतरते, ही आपली नेहमीची समजूत. ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टिनियन संन्याशाने मठाच्या बागेत वाटाण्यांवर प्रयोग करून या वारशाचे नियम शोधले आणि १८६५ साली ब्रनो येथे ते मांडले. हा झाला उभा वारसा. परंतु जनुके आडवीही जातात. बापाकडून मुलाकडे न जाता शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जावीत तशी. २००६ साली असे दिसून आले की, गव्हावर करपा पाडणाऱ्या एका बुरशीकडे विष तयार करणारे ‘टॉक्स-ए’ नावाचे जे जनुक होते, ते दुसऱ्याच प्रजातीच्या बुरशीकडून तिच्याकडे आलेले असावे. तेही फार पूर्वी नव्हे, १९४० च्या सुमारास. त्या जनुकासरशी तिचा रोग गव्हावर उग्र झाला. पुढे हेच जनुक तिसऱ्या एका बुरशीत सापडले आणि भारतातील गव्हाच्या शेतांतही त्याचे अस्तित्व नोंदले गेले.

२०१० साली एक अधिक धाडसी प्रयोग प्रसिद्ध झाला. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील मार्टिन रेप आणि त्यांचे अन्य देशांतील सहकारी यांनी टोमॅटोला मारणारी फ्युजेरियम बुरशी आणि तिचीच एक निरुपद्रवी बहीण अशा दोघींना एकत्र वाढू दिले. काही ठिकाणी एकीचे संपूर्ण गुणसूत्र दुसरीत गेले आणि ती निरुपद्रवी बुरशी टोमॅटोवर रोग पाडू लागली. शास्त्रज्ञांनी सुईने काही टोचले नव्हते. त्यांनी दोघींना शेजार दिला आणि काय घडते ते पाहिले. वनस्पतीही या देवघेवीतून सुटलेल्या नाहीत. उपवासाला आपण जी रताळी उकडून खातो, त्यांच्या पेशींत मातीतील एका जिवाणूची जनुके फार प्राचीन काळी येऊन स्थिरावली आहेत, असे २०१५ साली सिद्ध झाले.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. ‘प्रजातींमधील कुंपण परमेश्वराने घातले आहे, म्हणून ते ओलांडणे हेच पाप’, हा युक्तिवाद या माहितीपुढे टिकत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वनस्पती व प्राणी आपापल्या प्रकारांनुसार निर्माण झाल्याचे सांगितले आहे, हे खरे. परंतु तो अध्याय सृष्टीच्या सुव्यवस्थेचे आणि निर्मात्याच्या चांगुलपणाचे गुणगान आहे, जीवशास्त्राचे कोष्टक नाही. ते कुंपण निर्मात्यानेच सच्छिद्र ठेवलेले दिसते. जे मातीत, कोणाच्याही परवानगीवाचून, युगानुयुगे चालत आले आहे, ते केवळ घडते म्हणून अपवित्र ठरवणे म्हणजे सृष्टीलाच दोष देणे होय.

परंतु येथे दुसरा एक मोह उभा राहतो आणि तो अधिक घातक आहे. ‘निसर्गच जनुके इकडची तिकडे करतो, मग माणसाने केली तर बिघडले कोठे?’ हा प्रश्न चतुर वाटला, तरी पोकळ आहे. निसर्ग देवळीच्या शेतातील शेंगांनी लगडलेली तूरही मारतो. निसर्ग अवर्षण आणतो, साथी पसरवतो. तो करतो म्हणून आपणही करावे, असे कोणी म्हणेल काय? जे ‘आहे’ त्यावरून जे ‘असावे’ ते आपोआप निघत नाही, हे डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात दाखवून दिले. ह्यूम काही ख्रिस्तसभेचा मित्र नव्हता, परंतु हा इशारा आपल्या परंपरेलाही उपयोगी आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी ज्याला नैसर्गिक नीतिनियम म्हटले, तो रानात जे घडते त्याची नक्कल नव्हे. विवेक लाभलेला माणूस ईश्वराच्या शाश्वत नियमात बुद्धिपूर्वक सहभागी होतो, हा त्याचा अर्थ. म्हणून ‘अनैसर्गिक’ हा शब्द नीतिशास्त्रात ‘रानात न आढळणारे’ अशा अर्थाने वापरला की गोंधळ होतो. विवेकाला आणि माणसाच्या खऱ्या कल्याणाला जे विरोधी, तेच तेथे अनैसर्गिक.

मग बुरशीच्या कृतीत आणि माणसाच्या कृतीत भेद कोणता? जनुक तेच, रसायनही तेच. भेद एवढाच की, बुरशीला कोणी जाब विचारू शकत नाही. काइनाला त्याच्या भावाविषयी जो प्रश्न विचारला गेला, तो केवळ माणसालाच विचारता येतो. पापाची सीमा प्रजातींच्या मधोमध आखलेली नाही. ती माणूस आणि त्याचा शेजारी यांच्या मधून जाते. म्हणून अशा संशोधनाची पारख करताना प्रजातींपेक्षा शेजाऱ्याविषयीचे प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. ते प्रश्न तीन आहेत.

पहिला प्रश्न हेतूचा आणि राखणीचा. निरुपद्रवी बुरशीला प्रयोगशाळेत रोगकारक बनू देणे योग्य होते काय? सत्य जाणणे हे स्वतः चांगले आहे, आणि या सत्याचा उपयोग शेतकऱ्याला आहे. आज रोगाला दाद न देणारे वाण उद्याही तसेच राहील, अशी खात्री बाळगता येत नाही, हे त्यातून कळते. रोगट माती पायांना आणि अवजारांना चिकटून एका शेतातून दुसऱ्यात जाऊ न देणे किती आवश्यक आहे, हेही कळते. मात्र ते ज्ञान मिळवताना त्या बुरशीचा एक बीजाणूही बंद दाराबाहेर जाणार नाही, याची राखण संशोधकाने केली पाहिजे. एदेन बागेत माणसाला मशागत आणि राखण अशी दोन कामे सोपवली गेली, हे आपण विसरू नये. मशागतीचा उत्साह असणाऱ्यांना राखणीचा कंटाळा येतो, हा जुना अनुभव आहे.

दुसरा प्रश्न असा: चूक झाली तर ती कोण सोसणार? बोंडअळीला मारणारे, एका जिवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. प्रारंभी फवारण्या घटल्या, हे शेतकऱ्यांनी पाहिले. परंतु कीडही देवाच्या सृष्टीतलीच. तिने स्वतःला बदलले, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरला. त्याच पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. या साऱ्याचे खापर एका जनुकावर फोडणे अन्यायाचे होईल. वाण, बाजार, सल्ला, औषधे, पाऊस अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली होती. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे. निर्णय ज्या खोल्यांत झाले, तेथे कोणी पाठीवर पंप बांधलेला नव्हता. ज्याच्या पाठीवर तो होता, त्याला कोणी विचारले नव्हते.

तिसरा प्रश्न फळाच्या वाटणीचा. २०१६ साली इंग्लंड व ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी तुरीतील एक जनुक सोयाबीनमध्ये घातले आणि त्या सोयाबीनला तांबेरा या बुरशीजन्य रोगाचा प्रतिकार करता येऊ लागला. विचार करा! देवळीच्या शेतात सोयाबीन आणि तूर शेजारशेजारच्या ओळींत आंतरपीक म्हणून उभी असतात. त्या दोन ओळींमधील हातभर अंतर ओलांडण्यासाठी जनुकाला समुद्रापारची प्रयोगशाळा गाठावी लागली. हे ज्ञान गौरवास्पद आहे. त्याने फवारणीचे विष कमी होणार असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तूर हे भारतभूमीत माणसाळवलेले पीक आहे. तिचे बियाणे कणग्यांतून, मडक्यांतून, राखेत घोळून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर नसतात. उद्या असे बियाणे बाजारात आले, तर त्या जपणाऱ्यांच्या नातवंडांनी ते केवळ गिऱ्हाईक म्हणून विकत घ्यावे काय? आपल्या देशाच्या २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतातील बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे आणि लाभात वाटा देण्याची तरतूदही केली आहे. तो हक्क शेतकऱ्याला ठाऊक असणे व प्रत्यक्षात मिळणे हा न्यायाचा प्रश्न आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हाच तोल सांभाळला आहे. जनुकबदल निसर्गातही घडतात, म्हणून या तंत्राविषयी सरसकट निवाडा देणे कठीण आहे, असे ते मान्य करतात. आणि लगेच लहान शेतकऱ्यांची जमीन मूठभरांच्या हाती जाण्याच्या धोक्याकडे आपले लक्ष वेधतात. तंत्र शुद्ध असूनही व्यवहार अन्यायाचा असू शकतो, हे त्यांचे सांगणे आहे.

विज्ञानाच्या धाकाने अनुभवाचे शहाणपण टाकून देण्याचेही कारण नाही. विदर्भात पूर्वी ज्वारीत तूर पेरत असत. ज्वारीच्या सोबतीने मर रोग कमी होतो, हे पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेच्या प्रयोगांतही आढळले. बदनापूरच्या संशोधकांनी पारंपरिक संकरातून मर रोगाला तोंड देणारे ‘बीएसएमआर ७३६’ हे तुरीचे वाण दिले. जनुकाचा अभ्यास, संकर आणि पेरणीची जुनी रीत यांत वैर नाही. शेजाऱ्याचे भले करणारी प्रत्येक वाट विवेकाला मोकळी आहे.

तेव्हा ज्या घरातील मुलगी किंवा मुलगा अशा संशोधनात आहे, त्या आईवडिलांनी भिऊ नये. निर्मात्याच्या कार्यशाळेत डोकावणे हे पाप नाही. त्यांनी आपल्या लेकरांना एवढेच विचारत राहावे: बाळा, तुझ्या कामाची राखण तू कशी करतोस? ते चुकले तर कोणाच्या शेतात चुकेल? आणि ते फळले तर कोणाच्या घरी धान्य जाईल? ज्या संशोधकाला ही उत्तरे द्यावीशी वाटतात, त्याच्या हाती परमेश्वराची सृष्टी सुरक्षित आहे, असे समजायला हरकत नाही.