विचारलं होतं की!

कल्याणचा पत्रीपूल 18 नोव्हेंबर 2018 ला पाडला, तेव्हा त्याचं वय 104 होतं. नवा पूल खुला व्हायला 25 जानेवारी 2021 उजाडलं. मधली दोन वर्षं कल्याण-शीळ रस्त्यावर रिक्षात बसलेल्या माणसाला राज्यघटना शिकायला भरपूर वेळ होता. खालचे रूळ केंद्राचे. वरचा पूल राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. कोंडी चुकवायला रिक्षा ज्या गल्ल्यांत घुसायच्या, त्या महापालिकेच्या. सुमारे 76 मीटरचा गर्डर रुळांवरून सरकवायचा तर मेगाब्लॉक रेल्वेनेच द्यायचा. काम का थांबलंय, असं विचारलं की रिक्षावाला आरशात बघत म्हणायचा, ‘वरून परवानगी नाय आली.’

हे ‘वर’ मोठं मजेशीर आहे. महापालिकेचं ‘वर’ म्हणजे मंत्रालय आणि मंत्रालयाचं ‘वर’ म्हणजे दिल्ली. दिल्लीला मात्र ‘वर’ नाही. आपल्या घटनेत राज्यांना केंद्राचे हात आवरायचे असतील, तर त्याची परवानगीही केंद्राकडेच मागावी लागते. अनुच्छेद 368 प्रमाणे घटनादुरुस्तीचं विधेयक फक्त संसदेतच मांडता येतं. काही कलमांसाठी निम्म्या राज्यांची मान्यता लागते, पण तीसुद्धा संसदेचं झाल्यावर. राज्याने ठराव करायचा, तो टपालात टाकायचा आणि वाट बघायची.

अमेरिकेत तसं नाही. तिथल्या 50 पैकी 34 राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली, तर काँग्रेसला घटना परिषद बोलवावीच लागते. 1787 पासून एकदाही ती बोलावली गेलेली नाही. पण सिनेटर लोकांनी थेट निवडावेत अशी मागणी राज्यं लावून धरू लागली आणि परिषदेची वेळ येते की काय असं दिसू लागलं, तेव्हा काँग्रेसने स्वतःच ती दुरुस्ती मांडली. 1913 मध्ये ती लागूही झाली. कोपऱ्यातली काठी उचलावी लागतेच असं नाही. आहे एवढं माहीत असलं की पुरतं.

आपल्याकडे ही काठी नाही, तरी महाराष्ट्राला एकदा मागून मिळालं. 2018 च्या 102 व्या घटनादुरुस्तीमुळे मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार उरलेला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2021 च्या मराठा आरक्षण निकालात सांगितलं. मंत्रालय हादरलं. जूनमध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पंतप्रधानांना भेटून आले आणि ऑगस्टमध्ये 105 व्या दुरुस्तीने तो अधिकार परत आला. जुलैत विधानसभेने ठराव करून आणखी एक मागणी केली होती : आरक्षणावरची 50 टक्क्यांची मर्यादा शिथिल करावी. तो दिल्लीला गेला आणि तिथेच राहिला. दोन्ही वेळा मागणारं राज्य तेच होतं. काय द्यायचं ते देणाऱ्याने ठरवलं.

याहून जुनी जखम अनुच्छेद 3 ची. राज्याच्या सीमा संसद बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचं मत फक्त मागवायचं असतं. 1956 मध्ये मत मागवलं ते महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशा तीन तुकड्यांच्या विधेयकावर. संसदेने केलं भलतंच, द्वैभाषिक मुंबई राज्य. बाबूलाल पराते नावाचे एक गृहस्थ त्याविरुद्ध न्यायालयात गेले. 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मत एकदा मागवलं, की संसदेने ते मानलंच पाहिजे असं नाही आणि विधेयक बदललं म्हणून पुन्हा विचारण्याचीही गरज नाही. त्या काळात संयुक्त महाराष्ट्रासाठी इथे रस्त्यावर माणसं मेली होती, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं होतं. आणि कायद्याचं उत्तर काय, तर विचारलं होतं की!

इथवर आपलं रक्त उसळतं. डोंबिवलीच्या कट्ट्यावर हे सांगितलं, तर चहा येईपर्यंत दिल्लीचा उद्धार झालेला असतो. माझी अडचण पुढची आहे.

डोंबिवलीच्या पूर्वेला भोपर, दावडी, सोनारपाडा, निळजे अशी 27 गावं आहेत. 1983 मध्ये कल्याण-डोंबिवलीची महापालिका झाली, तेव्हा ही गावं आत घेतली. 2002 मध्ये बाहेर काढली. 2015 मध्ये पुन्हा आत. 2020 मध्ये त्यातली 18 बाहेर काढायची अधिसूचना निघाली आणि महापालिकेशी रीतसर सल्लामसलत झाली नाही, म्हणून उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सल्लामसलत म्हणजे पुन्हा तेच, संमती नव्हे. संसदेच्या हातात राज्यासाठी जे अनुच्छेद 3 आहे, त्याची घरगुती आवृत्ती मंत्रालयाने शहरांसाठी जपून ठेवली आहे. आणि ती वापरताना हात अजिबात थरथरत नाही.

74 वी घटनादुरुस्ती झाली 1992 मध्ये. बाराव्या अनुसूचीत 18 विषय आले, पण ते पालिकांकडे सोपवायचे की नाही हे राज्यावर सोडलं. एक गोष्ट मात्र ठाम लिहिली : मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक. कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. आधी करोना, मग पालिकांतल्या ओबीसी आरक्षणाचा वाद. कारणं खरी होती, नाही म्हणत नाही. पण अख्ख्या एका मुदतीहून जास्त काळ इथे प्रशासक होता. एवढा काळ दिल्लीने महाराष्ट्राला विधानसभेविना ठेवलं असतं, तर आपण काय काय पेटवलं असतं? इथे कुणी टायरसुद्धा जाळला नाही. राज्यांच्या हक्कांसाठी घटना बदला, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आहे, फक्त त्या मसुद्यात 27 गावांना संमतीचा हक्क देणारी एक ओळ आहे का, तेवढं मी आधी बघीन.

सोनारपाड्यात ओळखीच्या एका घरी गणपतीआधी रंगकाम चाललं होतं. दाराच्या चौकटीवर ग्रामपंचायतीचा तेलरंगातला जुना घर नंबर, शेजारी महापालिकेची पत्र्याची पाटी. रंगाऱ्याने विचारलं, ‘जुना नंबर पुसू का?’

‘राहू दे रे,’ काकू म्हणाल्या. ‘परत लागला तर?’