पोती मोजू नकोस, डबा दाखव

नदीसफाईला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंस, मी आले. रविवारी, राजाराम पुलाखाली, सकाळी सातला. तू उगवलास पावणेआठला. तिथंच कान धरणार होते, पण शेजारी तुझी लेक उभी होती, म्हणून गिळलं. आता ती नाही. बस आणि ऐक.

काय थाट होता! एकसारखे टी-शर्ट. बाभळीला बांधलेला फ्लेक्स, त्यावर नदीपेक्षा तुझा फोटो मोठा. पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे खोके. वडापाव, तोही चकचकीत कागदी डिशमध्ये. हातमोजे, एकदा घालून फेकायचे. पोती मोजायला खास माणूस नेमलेला. नऊला फोटो, साडेनऊला मैदान साफ. म्हणजे माणसांचं. मी रिक्षासाठी सव्वादहापर्यंत ताटकळत होते, तेव्हा काठावर काय उरलं होतं सांगू? तुमचे हातमोजे.

हसतोस काय?

तुला मी भूगोल शिकवला. फळ्यावर खडूनं मुठा काढायची, खडकवासल्यापासून. आपल्या कर्वेनगरावरून पुढे, संगमावर मुळेला भेटते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत शिरते, भीमा उजनीत अडते, तिथून पंढरपूर. तिथं ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून चंद्रभागा. दहापैकी दहा मिळाले होते तुला. त्यामुळे ‘माहीत नव्हतं’ ही पळवाट तुला बंद आहे. पालखी पुण्यात आली की तुझी सोसायटी वारकऱ्यांना चहा पाजते, पाया पडते. तो वारकरी पुढे स्नान कशात करतो? सोलापूरकर पाणी कुठलं पितात? तू पुलावरून सोडतोस ते सगळं तिथवर पोचत नाही, मान्य. काही झुडपांना लटकतं, काही उजनीच्या तळाशी बसतं. पण तू पत्ता तोच घातलेला असतोस ना?

बरं, तुझं भाषण चालू होतं तेव्हा मी मागे एक पोतं उघडून बसले होते. खोडच आहे माझी, वह्या तपासल्याशिवाय चैन पडत नाही. दुधाच्या पिशव्या. शाम्पूच्या पुड्या. बाळाची लंगोटी, आजकालची, फुगलेली. एक उशी, कुणीतरी गेलं असेल घरातलं, त्याचं अंथरूण नदीला. काच तडकलेली लक्ष्मीची तसबीर. आणि हार. शेवंतीचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोन गाठी मारून. फुलं आतल्या आत कुजून काळी झाली होती. देवाला वाहिलेलं पायदळी येऊ नये म्हणून नदीत, नाही का? आणि पिशवीत गुदमरलेलं चालतं. शहरातल्या पुलांना जाळ्या बसवल्या तर तुम्ही वरून भिरकावायला शिकलात. स्कूटर थांबवायची, इकडे तिकडे बघायचं, फेकायचं, मग हात जोडायचे. इकडे तिकडे का बघतोस रे? पुण्यच करतोयस ना?

दुधाच्या पिशवीवरून आठवलं. तुझी बायको कोपरा कापते आणि तो इवलासा तुकडा बेसिनमध्ये जातो. नाही म्हणू नकोस, तुझ्या घरी चहा प्यायलेय मी. पिशवी भंगारात विकली जाते, कोपऱ्याला कुणी वेचत नाही. तो नाल्यात, नाल्यातून नदीत. कोपरा पुरता न कापता लटकता ठेवायचा, एवढीच अक्कल लागते त्याला. इंजिनिअर ना तू?

आता तुझं हुकमी उत्तर. ‘बाई, कचरा वस्तीतली माणसं टाकतात.’ भाषणातही म्हणालास. टाळ्या पडल्या. त्याच वेळी माझ्या हातात, त्या पोत्यातलं, कुरियरचं पाकीट होतं. आत फुगवलेलं प्लॅस्टिक, वर पत्ता शाबूत. नाव मी मोठ्यानं वाचलं नाही. सोसायटी तुझी. इमारत तुझी. मजलाही सांगू?

दुसरं उत्तर जरा हुशारीचं. ‘खरं प्रदूषण सांडपाण्याचं, आमच्या पिशवीनं काय फरक पडतो?’ पहिला भाग खरा आहे, त्याचे गुण देते. शहराचं मैलापाणी प्रक्रिया न होता नदीत जातं, हाच मोठा रोग. त्यावर जपानच्या कर्जातून ९९० कोटींची योजना २०१६ मध्ये आली, ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांची. कामं किती रखडली हे पेपरात येतच होतं. तू तो पेपर वाचून काय केलंस? घडी घातलीस. नगरसेवकाला एकदा तरी गाठलंस? ‘वारज्याच्या केंद्राचं काय झालं’ असं एका ओळीचं पत्र टाकलंस? नाही. सांडपाण्याचं नाव पुढे करायचं, त्याच्यासाठीही बोट हलवायचं नाही, आणि पिशवीही सोडायची नाही. याला युक्तिवाद म्हणत नाहीत, चुकारपणा म्हणतात.

आणखी एक. २५ जुलै २०२४. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि समोरच्या काठावर एकतानगरीत घराघरांत घुसलं. तो पूर तुझ्या पिशव्यांनी आणला असं मी म्हणणार नाही; खोटं शिकवलं नाही कधी. तो विसर्गाचा आणि पात्र आवळत आणणाऱ्या बांधकामांचा हिशेब. पण पाणी ओसरल्यावर काठाच्या झाडांकडे पाहिलं होतंस? फांदीफांदीला चिंध्या आणि पिशव्या. नदीनं आपलं आपल्याला परत केलं होतं. तू काचा वर करून गाडी काढलीस.

सोसायटीच्या मागच्या खताच्या खड्ड्याचं काय झालं? गांडूळखत करतो म्हणून मिळकतकरात सवलत घेता ना? एका प्रकल्पाला ५ टक्के, दोन असतील तर १०. सवलत दरवर्षी चोख. खड्ड्यात मात्र मोडक्या खुर्च्या आणि गेल्या गणपतीचं मखर. गांडुळं काय खुर्च्या खातात? परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करायचे. तुला चेअरमन केलंय लोकांनी.

दारावर कचरा घ्यायला येतात त्या ताईंचं नाव काय? सांग. आठ वर्षं येतात. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून शहरभर हे काम करते, आणि तू अजून ‘ती कचरेवाली’ म्हणतोस. ओलं-सुकं एकत्र कोंबून तिच्या पुढ्यात ठेवतोस. ती उघड्या हातांनी निवडते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच त्या बायका किती वर्षं विनवताहेत. लाल पेन नाही घरात? लेकीच्या दप्तरात बघ. रविवारी तुला दोन तास हातमोजे लागले. त्यांना रोज काय लागत असेल?

आणि राहतोस कुठं? ज्या माणसाच्या नावानं ही वस्ती आहे, त्यानं १९०० साली या हिंगण्याच्या माळावर झोपडी घालून विधवांचा आश्रम आणला. फर्ग्युसनमध्ये दिवसभर गणित शिकवायचं आणि मग चिखल तुडवत चालत इथं यायचं. आश्रमाला लागणारं सामान पाठीवर. गाव नावं ठेवत होतं ते वेगळंच. त्या कर्व्यांच्या नगरात तुला भाजी आणायला कापडी पिशवी जड होते. ‘विसरली, बाई.’ मोबाइल कधी विसरलास?

पलीकडे विठ्ठलवाडीच्या काठावर ‘जीवितनदी’ची मंडळी रविवारी जमतात. काठ दत्तक घेतलाय त्यांनी. पोरांना नदी दाखवतात, झाडं ओळखायला लावतात, आपल्या मोरीतून कोणतं रसायन जातं ते सांगतात. कचरा उचलणं त्यात येतंच, पण नुसतं तेवढंच करून ते घरी जात नाहीत. आणि पुढच्या रविवारी परत येतात. तू परत कधी येणार होतास? पुढच्या वर्षी, फ्लेक्सवरची तारीख बदलून?

असा चेहरा पाडू नकोस. तुझ्या वर्गातले निम्मे आलेच नाहीत, त्यांना मी एक शब्द बोलले नाही. ज्याला गणित येतच नाही त्याला चुकलं म्हणून मी कधी मारलं नाही. ज्याला येतं आणि तो शेजारच्याच्या वहीत बघतो, त्याला मारलं. तुला सगळं येतं रे. लेक विचारत होती, ‘बाबा, हे हातमोजे कुठं टाकायचे?’ तू म्हणालास, ‘टाक तिथंच, उचलतील.’ कोण उचलतील? कुणाच्या भरवशावर बोललास?

तेव्हा पुढच्या रविवारचं आमंत्रण नको. टी-शर्ट तर नकोच, मला ते तंग होतात. सोमवारी सकाळी, ताई कचरा घ्यायला येतात त्या वेळी, मी तुझ्या सोसायटीच्या फाटकात उभी असेन. तू स्वतः खाली यायचं, बायकोला पाठवायचं नाही. दोन डबे घेऊन. झाकण मी उघडणार. आणि तुझ्या मजल्यावरचं ते कुरियरचं पाकीट माझ्या पर्समध्ये आहे, तेही घेऊन जा. सुक्याच्या डब्यात टाकायचं असतं ते.