वारशाचे उत्तरदायित्व

नगराचा वारसा म्हणजे त्याच्या वास्तू, की त्या वास्तूंविषयी सांगितली जाणारी कथा? दिल्लीच्या पूर्वेस, हिंडन नदीकाठच्या गाझियाबादसंबंधी हा प्रश्न केवळ पुरातत्त्वाचा उरत नाही. तो नीतीचा होतो.

रूढ इतिहास सांगतो की, वजीर गाझीउद्दीन याने १७४० मध्ये हे नगर वसवले, त्याला गाझीउद्दीननगर हे नाव दिले आणि टोकदार कमानींची, १२० दालनांची सराई बांधली. पुढे रेल्वेच्या काळात ते लांबलचक नाव आखूड झाले. परंतु गाझीउद्दीन हा किताब पित्याचाही होता आणि पुत्राचाही. वजीर झाला तो पुत्र, इमाद-उल-मुल्क; त्याचा जन्म १७३६ चा. चार वर्षांचे मूल नगर वसवीत नसते. पिता वजीर नव्हता. त्याचा अंत १७५२ मध्ये औरंगाबादेत झाला. म्हणजे लोकस्मृतीने एकाची कृती आणि दुसऱ्याचे पद एकत्र गुंफले आहे.

हा पुत्र गौरवास पात्र नाही. १७५४ मध्ये त्याने बादशहा अहमदशहाला पदच्युत केले. त्या बादशहाचे डोळे काढण्यात आले. १७५९ मध्ये दुसऱ्या आलमगीराची हत्या त्याच्याच कारस्थानाने झाली. त्याला वजिरी मिळाली ती मल्हारराव होळकरांच्या पाठबळावर. तेव्हा मराठी वाचकालाही या इतिहासाकडे परक्याच्या तटस्थतेने पाहता येत नाही.

मग ते नाव पुसावे काय? नाव पुसल्याने कृत्य पुसले जात नाही. केवळ त्याची साक्ष नाहीशी होते. उलट, नाव आहे म्हणून त्याचा उदोउदो करणे हीदेखील सत्याशी प्रतारणाच. वारसा हा अभिमानाचा दाखला नसून उत्तरदायित्व आहे. वडिलोपार्जित वाड्याबरोबर त्यावरचे कर्जही वारसाकडे येते. वाडा ठेवून कर्ज नाकारता येत नाही.

सराईचे आज थोडेच अवशेष उरले आहेत. तिच्या आवारात माणसांचे संसार उभे राहिले आहेत. दिल्ली गेट, डासना गेट, सिहानी गेट ही नावे व्यवहारात टिकून आहेत. जतनाच्या नावाखाली या माणसांना उठवणे जितके अन्यायाचे, तितकेच त्यांच्या गरजेची सबब सांगून उरलेली कमान ढासळू देणेही. सराई बांधली गेली ती अनोळखी वाटसरूसाठी. बांधणाऱ्याच्या कीर्तीपेक्षा हा हेतू अधिक टिकाऊ आहे, आणि जतन करण्याजोगे जे काही आहे, त्यात त्याचे स्थान पहिले आहे.