गाविलगडाची उत्तर बाजू

चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. दक्षिणेकडून पाहतां तो अजिंक्य वाटतो. कारण त्या बाजूस उंच कडे व खोल दऱ्या आहेत. तरी नागपूरकर भोसल्यांचा हा बळकट किल्ला इ. स. १८०३ च्या १५ डिसेंबर रोजीं इंग्रजांच्या हातीं गेला. उत्तरेस जेथें गडाची जमीन पठारास मिळते, तेथवर स्टीव्हन्सनच्या सैन्यानें डोंगरवाटांनीं अवजड तोफा ओढून आणिल्या, आणि त्या बाजूच्या तटास खिंडार पाडलें.

आपल्या अंतःकरणाचेंही असेंच आहे. चोरी, दारू, व्यभिचार ह्यांच्या बाजूस आपण डोळ्यांत तेल घालून पहारा करितों. गर्व त्या बाजूनें क्वचितच येतो. प्रार्थना, दान, सेवा ह्या ज्या भूमीवर आपला पाय निर्धास्त पडतो, तेथूनच तो आंत शिरतो. दारुड्या आपल्या व्यसनास भक्ति म्हणत नाहीं. म्हणून त्यास पश्चात्ताप सुचण्याची आशा असते. गर्व मात्र भक्तीचाच अंगरखा घालून फिरतो.

प्रभूनें सांगितलेल्या दाखल्यांतील परूशी खोटें बोलला असें शास्त्र म्हणत नाहीं. त्याचे उपास व दशांश खरे मानले, तरी देवासमोर उभा असतां त्याची दृष्टि शेजारच्या जकातदारावर होती. जो स्वतःस भरलेला समजतो, तो देवाजवळ कांहीं मागत नाहीं. आणि मागणें थांबलें कीं वाढही थांबते.

आमचें घराणें गांवांत पहिलें ख्रिस्ती झालें, आमची कापणीची देणगी मोठी, आम्हांस शास्त्र पाठ, असे विचार कोणत्या मंडळींत येत नाहींत? मग शेतांतून मळक्या वस्त्रांनिशीं आलेला बंधु दारापाशींच बसतो, आणि चटईवर कोणी सरकून त्यास जागा देत नाहीं.

तर मग सत्कर्में सोडावीं काय? मुळींच नाहीं. दान द्यावें, परंतु शेजाऱ्याच्या दानाशीं तें ताडून पाहूं नये. आपल्याहून लहान माणसानें आपली चूक दाखविली असतां आपण ती ऐकून घेतों काय, ह्यावरून प्रत्येकानें आपली परीक्षा करावी. आणि ज्या बंधूशीं मानापमानामुळें बोलणें बंद आहे, त्याच्या घरीं येत्या रविवारच्या उपासनेपूर्वीं आपणच प्रथम जावें.