खंडणीचे कर्ज

'खंडणी' हा शब्द आम्हां मराठी माणसांना शिकवावा लागत नाही. बखरींतून तो वारंवार भेटतो, आणि आमच्यापैकी जे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले, त्यांच्या शहरांच्या उभारणीतच चौथाई-खंडणीचा पैसा आहे. हा व्यवहार तलवारीच्या धाकावर चालला आहे, हे खंडणी घेणाऱ्याला ठाऊक असते आणि देणाऱ्यालाही. कर्जाचे तसे नाही. कर्जाला कागद असतो, व्याज असते, आणि ते फेडणे हे ऋणकोचे कर्तव्य मानले जाते. मग एखाद्याने खंडणी वसूल करावी आणि कागदावर तिला कर्जाचे रूप द्यावे, तर त्या कर्तव्याचे काय होते? हैतीचा इतिहास वाचताना हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

कॅरिबियन समुद्रातील हा देश एके काळी फ्रान्सची सर्वांत किफायतशीर वसाहत होता. साखर आणि कॉफी पिकवणारे सुमारे ५ लाख लोक तेथे गुलाम होते. १७९१ साली त्यांनी उठाव केला, पुढे नेपोलियनने पाठवलेल्या फौजेलाही हरवले, आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. एकवीस वर्षांनी, १८२५ च्या जुलैत, दहाव्या चार्ल्स राजाचे फर्मान घेऊन फ्रेंच आरमार पोर्ट-ओ-प्रिन्सला आले. १४ युद्धनौका होत्या आणि पाचशेच्या आसपास तोफा. स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल तर जुन्या मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक पाच वार्षिक हप्त्यांत द्यावेत, शिवाय फ्रेंच मालावर निम्मीच जकात घ्यावी, असे त्या फर्मानात होते. नुकसान कशाचे, तर जमिनींचे आणि माणसांचेही. मालकाच्या यादीत जो मालमत्ता म्हणून नोंदला गेला होता, त्यानेच आपली किंमत मालकाला चुकती करावयाची! अध्यक्ष बोयेर यांनी फर्मान स्वीकारले.

पहिला हप्ता ३ कोटींचा होता. अलीकडच्या अभ्यासकांच्या हिशेबाने तो हैती सरकारच्या त्या वर्षीच्या उत्पन्नाच्या सुमारे सहापट होता. एवढा पैसा तिजोरीत असणे शक्यच नव्हते. तेव्हा पॅरिसच्याच पेढ्यांनी ३ कोटींचे कर्ज दिले, त्यांतले ६० लाख आधीच कापून घेतले, आणि हाती २ कोटी ४० लाख ठेवले. फेड मात्र पुऱ्या ३ कोटींची. सावकारीच्या गोष्टी ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. इतिहासकार याला 'दुहेरी कर्ज' म्हणतात. १८३८ साली उरलेली रक्कम ६ कोटींवर आणली गेली, तरी एक देणे भागवण्यासाठी दुसरे काढणे थांबले नाही. १८८० साली हैतीची 'राष्ट्रीय बँक' निघाली, ती पॅरिसच्या एका बँकेने काढली, आणि नफाही तिकडेच जाई. कॉफीच्या निर्यातीवरील कर हे सरकारचे मुख्य उत्पन्न. १९११ साली त्या कराच्या दर ३ डॉलरपैकी २.५३ डॉलर फ्रेंच धनकोंच्या देण्यापायी जात होते. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकी नौसैनिकांनी त्या बँकेतील ५ लाख डॉलरचे सोने न्यू यॉर्कला नेले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने देश ताब्यात घेतला, तो १९३४ पर्यंत सोडला नाही. खंडणीतून उद्भवलेली शेवटची देणी १९४७ साली फिटली.

भरपाई मिळालेल्या मळेवाल्यांची नावे पॅरिसमध्ये छापलेल्या जाडजूड खंडांत नोंदलेली आहेत. डोंगरउतारावर कॉफी वेचून ती भरपाई ज्यांनी भरली, त्यांची यादी कोणी केली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १८२५ साली जन्मालाही न आलेल्या हैतीवासीयांकडून हे देणे वसूल झाले, कारण राष्ट्र ही पिढ्या ओलांडून टिकणारी एक व्यक्ती आहे असे धनकोने गृहीत धरले. मात्र २००३ साली अध्यक्ष आरिस्तीद यांनी २१,६८,५१,३५,५७१ डॉलर आणि ४८ सेंट परत मागितले, तेव्हा ती जुन्या काळाची गोष्ट ठरली. ४८ सेंटांची तर थट्टाच झाली. सावकाराच्या वहीतल्या पैची कोणी थट्टा केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. २०१५ साली अध्यक्ष ओलांद यांनी हे ऋण आपण फेडू असे म्हटले. काही तासांतच खुलासा आला की ते नैतिक ऋणाविषयी बोलत होते. 'नैतिक' हे विशेषण येथे पैशाला दाराबाहेर ठेवण्याच्या कामी आले. १७ एप्रिल २०२५ रोजी, फर्मानाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, अध्यक्ष माक्राँ यांनी इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. वसुलीसाठी जे राष्ट्र अखंड मानले, ते परतफेडीच्या वेळी खंडित कसे होते, हे आम्हांला उमगत नाही. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंड दिले, त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश २०१५ साली फिटला. ते कर्ज फार जुने झाले असे कोणी म्हटले नाही.

पित्याचे ऋण पुत्राने फेडावे असे आमचे धर्मशास्त्रही सांगत आले. परंतु मद्य, द्यूत यांपायी झालेले ऋण त्याने पुत्रावरून उतरवले होते. ऋण कशापायी झाले हे पाहिल्यावाचून ते वारशाने येत नाही, एवढा विवेक त्या जुन्या व्यवस्थेतही होता.

हैतीच्या दैन्याला तिचे राज्यकर्तेही कारण झाले, हा आक्षेप खरा आहे. बोयेर यांनीच १८२६ च्या कायद्याने शेतकऱ्याला पुन्हा मळ्याशी बांधले. १९५७ ते १९८६ या काळात दुवालिए पितापुत्रांनी लूट केली. आज रक्कम परत करायची तर कोणाच्या हाती, हा प्रश्नही खोटा नाही. पण देणे कोणाच्या हाती द्यावे ही अडचण देणे नसल्याचा पुरावा होत नाही. शिवाय ज्या शतकात इतर देशांत शाळा, रस्ते, न्यायालये उभी राहिली, त्या शतकात हैतीच्या कॉफीचा पैसा बोटीतून बाहेर चालला होता. दुर्बळ राज्यसंस्था ही त्या आक्षेपाची केवळ सबब नव्हे, ती अंशतः त्या कर्जाचीच संतती आहे.

हे लिहिताना आम्हांला एक गोष्ट मात्र टोचत राहिली. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगाल लुटला. १७५१ च्या तहाने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली. तेथील अंगाईगीतांत 'बर्गी' अजून येतात. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, तेव्हा परतफेड करील अशी संस्थाच उरली नाही, आणि फ्रान्सची गोष्ट येथे वेगळी पडते. हे उत्तर कायद्याला पुरते. पण त्या फौजांचा पराक्रम आम्ही आजही आमचा वारसा म्हणूनच सांगतो. वारशातले एवढेच आमचे आणि बाकीचे कोणाचेच नाही, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला कसा पोहोचतो? ज्या सभासदांना तो पोहोचतो असे वाटते, त्यांचे म्हणणे पुढील अंकात वाचावयास मिळाले तर आम्हांला हवेच आहे.